आर्ट ॲडव्हायजरबरोबर चित्र विकत घेताना: पहिल्या मीटिंगपासून भिंतीतल्या गिट्टीपर्यंत

आधी पैशांचंच बोलून टाकू, कारण सगळ्यांना तेच विचारायचं असतं आणि सगळे ते शेवटी, खालच्या आवाजात विचारतात. आर्ट ॲडव्हायजर, म्हणजे चित्र निवडून घ्यायला तुमच्या बाजूने मदत करणारा जाणकार, किती घेतो? तीन पद्धती चालतात. एक म्हणजे ठरलेली फी, कधी महिन्याची कधी पूर्ण कामाची. दुसरी टक्केवारी, चित्राच्या किमतीवर साधारण १० ते २० टक्के, आणि चित्र फारच महाग असेल तर टक्का खाली येतो. तिसरी पद्धत म्हणजे "तुम्ही मला काही देऊ नका हो, माझं गॅलरी बघून घेईल". ही तिसरी ऐकायला सगळ्यात गोड, पण गॅलरीकडून पैसे घेणारा माणूस गॅलरीचा सेल्समन झाला, अभ्यासू असेल, सज्जन असेल, तरी तुमचा नाही. आणि काही जण दोन्हीकडून घेतात, तुमच्याकडून टक्केवारी आणि तिकडून कमिशन, आणि तुम्हाला पत्ताच नसतो. इंटिरियर डिझायनरने आणलेल्या चित्रांमधे हे सर्रास चालतं, तो लाईट आणि टाईल्सवर जसं कमिशन घेतो तसंच चित्रावरही घेतो, त्याला त्यात काही वावगं वाटत नाही.

आपल्याकडे ॲडव्हायजर व्हायला ना परीक्षा आहे ना लायसन्स, व्हिजिटिंग कार्ड छापलं की झालं. त्यामुळे माणूस पारखणं हे अर्धं काम.

मुळात ॲडव्हायजर लागतो का?

माझं स्पष्ट मत, एखाद-दोन लाखांपर्यंतचं बजेट असेल आणि हयात चित्रकाराचं काम घ्यायचं असेल तर नाही लागत. सरळ प्रदर्शनात जा, चित्रकाराशी बोला, घ्या. फीचे पैसे चांगल्या फ्रेमिंगला वापरा. ॲडव्हायजर लागतो तो बजेट मोठं असेल तेव्हा, किंवा दिवंगत चित्रकाराचं काम घेताना (तिथे खोट्याचा धोका आहे), किंवा ऑक्शनमधे उतरायचं असेल तेव्हा, किंवा तुम्ही न्यू जर्सीत किंवा दुबईत बसलाय आणि इथे येऊन चित्र बघायला कोणी नाही तेव्हा. आणि तुम्हाला काय आवडतं हे तो सांगणार नाहीये, ते तुमचं तुम्हालाच शोधायचंय. त्याचं काम वेगळं: कागद तपासणं, भाव तपासणं, आणि वेळेवर "हे नको" म्हणणं.

पहिले तीन महिने नुसतं बघा

मुंबईत असाल तर जहांगीर आर्ट गॅलरीपासून सुरुवात करा. १९५२ पासून चालू आहे, फुकट आहे, प्रदर्शनं आठवड्याला बदलतात आणि बहुतेक वेळा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो, त्याला विचारलेलं आवडतं. इथे एक लक्षात घ्या, जहांगीरचे हॉल चित्रकार भाड्याने घेतात, त्यासाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसतात. म्हणजे जहांगीरला लागलं म्हणून कोणी मोठा झाला असं नाही आणि कोणी छोटाही होत नाही. फोर्ट-कुलाब्यातल्या खाजगी गॅलऱ्यांचं गणित वेगळं, तिथे गॅलरी चित्रकार निवडते आणि विक्रीतला साधारण ३० ते ५० टक्के वाटा ठेवते. आत शिरायला लोक बिचकतात, काच लोटली की कोणीतरी हाकलेल असं वाटतं, पण तिथेही तिकीट नसतं, बिनधास्त जा आणि प्राईस लिस्ट मागा. बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन (ही संस्था १८८८ ची), जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांची वार्षिक प्रदर्शनं, पुण्यात बालगंधर्वचं कलादालन, गोव्यात पणजीचं सुनापरान्त कला केंद्र, हे सगळं बघा. नोव्हेंबरमधे महालक्ष्मी रेसकोर्सवर आर्ट मुंबई नावाचं कलाप्रदर्शन भरतं, २०२३ पासून, तिथे एका दिवसात इतकं दिसतं की संध्याकाळी डोळे काम करेनासे होतात.

बघताना फोनमधे एक अल्बम करा, आवडलं की फोटो (विचारून), शेजारच्या लेबलचाही फोटो. दोन-तीन महिन्यांनी तो अल्बम चाळला की तुमचा कल तुम्हालाच दिसतो, मग तो निसर्गचित्रांकडे असेल, अमूर्ताकडे असेल नाहीतर काळ्या-पांढऱ्या रेखाटनांकडे. हा अल्बम हेच ॲडव्हायजरला द्यायचं पहिलं डॉक्युमेंट.

होमी भाभाही असंच आधी बघत फिरायचे, जहांगीरला प्रदर्शन लागलं की आधी हजर. टीआयएफआर या आपल्या विज्ञानसंस्थेसाठी त्यांनी संस्थेच्या बजेटमधला एक टक्का चित्रांसाठी मंजूर करून घेतला आणि तरुण, तेव्हा कोणी फारसं न विचारलेल्या चित्रकारांची कामं घेतली. आज तो संग्रह देशातल्या उत्तम संग्रहांपैकी आहे. पण ते आधी स्वतः चित्रं काढायचे, बघायचे, मग जाणकारांचं ऐकायचे.

पहिली मीटिंग

चांगला ॲडव्हायजर कसा वागतो ते सांगते. ठाण्यात ओळखीच्या एका जोडप्याकडे एक ॲडव्हायजर बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी होते. हॉलमधली मोठी भिंत दाखवली तर त्यांनी आधी तिच्यावर उलटा हात ठेवला, खालून वरपर्यंत फिरवला आणि विचारलं, "ह्याच्या पलीकडे काय आहे?" पलीकडे बाथरूम. "मग इथे कागदावरचं काही लावायचं नाही, कॅनव्हाससुद्धा नको." घरातले काका जरा नाराज, कारण त्या भिंतीसाठी त्यांनी आधीच एक जलरंग हेरून ठेवला होता, कोपऱ्यात हळदणकर अशी सही, विकणारा कोणीतरी ओळखीतला आणि भाव "फक्त तुमच्यासाठी". चित्र घरी आणलेलं होतंच. बाईंनी ते पुढून जेमतेम बघितलं आणि पालथं घातलं. मागे कोरा करकरीत हार्डबोर्ड, चकचकीत स्टेपल, ना जुनं लेबल, ना कुठल्या प्रदर्शनाचा नंबर, ना आधीच्या मालकाचं नाव.

"काका, हे हळदणकर कुठले? वडील का मुलगा?"

काकांना माहीत नव्हतं. सा. ल. हळदणकर आणि त्यांचे चिरंजीव ग. स. हळदणकर, दोघंही जलरंगातले, आणि दोघांच्या नावाने बाजारात काय काय फिरत असतं. "अहो पण सही तर आहे ना?" काकू म्हणाल्या. "काकू, सही करायला सगळ्यात सोपी." परत पाठवलं ते चित्र. त्या दिवशी बाईंनी काहीही विकलं नाही, उलट एक खरेदी मोडली, आणि माझ्या मते फी तिथेच वसूल झाली.

तर पहिल्या मीटिंगमधे हे विचारा: आत्तापर्यंत कोणासाठी काम केलंय आणि त्यांच्यातल्या दोघांशी बोलता येईल का. स्वतःकडे विकायला स्टॉक आहे का (असेल तर तो डीलर, ॲडव्हायजर नाही, मग तसं समजून वागा). गॅलरीने तुमच्यामुळे डिस्काउंट दिला तर तो कोणाच्या खिशात जातो. शेवटचं, "तुम्ही अलीकडे कोणाला कुठलं चित्र घेऊ नका म्हणालात?" ह्याचं उत्तर चटकन आणि डिटेलमधे आलं पाहिजे.

करार आणि पैसे कुठून कुठे जातात

दोन पानी पत्र पुरतं, पण लेखी हवं. त्यात फी किती आणि कशावर (मूळ किमतीवर का टॅक्ससकट, हा फरक लोक विसरतात), गॅलरीकडून कुठलंही कमिशन घेणार नाही असं एक वाक्य, डिस्काउंट पूर्ण तुमचा, मुदत सहा महिने किंवा वर्ष, आणि मधेच थांबवायचं असेल तर काय. ॲडव्हायजर जीएसटीत रजिस्टर असेल तर त्याच्या फीवर वेगळा १८ टक्के लागतो, तो आधीच धरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, चित्राचे पैसे थेट गॅलरीच्या किंवा चित्रकाराच्या खात्यात, ॲडव्हायजरच्या खात्यातून कधीच नाही. न्यूयॉर्कमधल्या लिसा शिफ या नावाजलेल्या ॲडव्हायजरचं प्रकरण वाचलं असेल. क्लायंटनी चित्रासाठी दिलेले पैसे तिच्याकडे यायचे आणि ती ते भलतीकडेच वापरायची, रक्कम सुमारे ६५ लाख डॉलर. २०२४ मधे तिने गुन्हा कबूल केला आणि २०२५ मधे तिला अडीच वर्षांची शिक्षा झाली. तिचे क्लायंट काही भोळे नव्हते, मैत्री होती, भरवसा होता, आणि पैसे तिच्यामार्फत जात होते एवढंच.

भाव बरोबर आहे का

हयात चित्रकाराच्या बाबतीत हे त्यामानाने सोपं. आपल्याकडे बरेच जण साईजवर भाव लावतात, इंचाच्या हिशोबाने, त्यामुळे त्याच माध्यमातलं त्याच साईजचं काम दोन गॅलऱ्यांमधे साधारण त्याच भावात मिळायला हवं. फार फरक दिसला तर ॲडव्हायजरने कारण सांगितलं पाहिजे. कॅनव्हासवरचं तैलचित्र आणि कागदावरचं काम यात मोठा फरक असतो, आणि खरं सांगायचं तर नव्याने घेणाऱ्याला कागदावरची कामं हा उत्तम सौदा आहे, मोठ्या माणसाचं छोटं ड्रॉईंग परवडतं.

प्रिंटमधे जपून. सेरिग्राफ, एचिंग, लिथो या हाताने छापलेल्या खऱ्या प्रिंट, खाली पेन्सिलने १२/१०० असा नंबर आणि सही असते, म्हणजे शंभरातली बारावी. वाईट काहीच नाही, पण ती ओरिजिनल चित्राच्या भावात घेऊ नका. आणि कॅनव्हासवर डिजिटल प्रिंट काढून वर ब्रशने पारदर्शक जेलचे फटके मारलेला माल असतो, तो भिंग घेऊन बघितला की बारीक ठिपके दिसतात.

ऑक्शनमधे हातोडा पडतो तो आकडा तुमची किंमत नसते. त्यावर बायर्स प्रीमियम (ऑक्शन हाउसचं कमिशन), साधारण २० टक्क्यांच्या आसपास, मग जीएसटी, मग वाहतूक. मनात दहा लाख असतील तर साताठ लाखांनंतर हात खाली. ॲडव्हायजरला कमाल आकडा मेसेजवर लिहून द्या, म्हणजे त्या क्षणाच्या भरात कोणी वाहवत जात नाही. पेपरात गायतोंडेंच्या चित्राला ६७ कोटी आले (२०२५, सॅफ्रनआर्ट) असं वाचून काही जण गुंतवणूक म्हणून उतरतात, त्यांना एकच सांगणं, असे चित्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, बाकीच्या ढीगभर नावांना विकायला गेलं की गिऱ्हाईकच मिळत नाही. आवडतं म्हणून घ्या.

गॅलरीत आवडलेलं चित्र लगेच ठरवायचं नसेल तर "अप्रूव्हलवर मिळेल का" विचारा, बऱ्याच गॅलऱ्या ओळखीतल्या माणसाला थोडे दिवस घरी लावून बघू देतात, आणि हप्तेही देतात. लाल टिकली (विकल्याची खूण) लागलेली असली तरी विचारायला हरकत नाही, कधी नुसतं राखून ठेवलेलं असतं.

कागदपत्रं

बिलावर चित्रकाराचं नाव, चित्राचं शीर्षक, वर्ष, माध्यम, साईज, सही कुठे आहे, आणि शक्यतो छोटा फोटो. "पेंटिंग १ नग" असलं बिल घेऊ नका. सोबत गॅलरीचं किंवा चित्रकाराचं ऑथेंटिसिटी सर्टिफिकेट. थेट चित्रकाराकडून घेतलंत तर त्याच्याकडून सही-तारखेसकट पावती, प्रदर्शनाचं ब्रोशर, आणि चित्राशेजारी त्याच्याबरोबर तुमचा एक फोटो, हा फोटो वीस वर्षांनी सोन्यासारखा. सप्टेंबर २०२५ पासून चित्रांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे "बिल नको असेल तर थोडं कमी करतो" ह्या मोहात पडण्यात आता तसाही काही अर्थ राहिला नाही. बिल नाही म्हणजे उद्या विकताना, इन्शुरन्स घेताना, मुलांमधे वाटणी करताना काहीच नाही.

दिवंगत चित्रकाराच्या बाबतीत नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही, चित्र स्टुडिओतून निघाल्यापासून कोणाकोणाकडे होतं ती साखळी हवी. जुनी बिलं, कॅटलॉगमधला फोटो, पत्रव्यवहार. २००९ मधे दिल्लीत खुद्द सय्यद हैदर रझा आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले आणि भिंतीवरची बरीचशी चित्रं आपली नाहीतच म्हणाले. चित्रकार हयात असताना ही कथा, तर दिवंगतांच्या चित्रांचं काय होत असेल!

आजोबांनी घेतलेलं जुनं चित्र परदेशात मुलाकडे न्यायचं असेल तर पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा आड येतो. शंभर वर्षांपेक्षा जुनं असेल तर नेता येत नाही, म्हणजे चित्रकार एम. व्ही. धुरंधरांची सुरुवातीची कामं आता त्यात बसतात. आणि राजा रवि वर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ अशा नऊ जणांची चित्रं कितीही नवी असली तरी देशाबाहेर जात नाहीत.

फ्रेमिंग, म्हणजे इथे कंजूषपणा करायचा नाही

आपल्या हवेत चित्रं खोटेपणाने जेवढी जात नाहीत तेवढी फ्रेमने जातात, हे माझं ठाम मत. (जाता जाता, मुंबईतल्या आधुनिक कलेचा एक मोठा धागा फ्रेमच्या दुकानातूनच निघालाय, केकू गांधींनी १९४१ मधे केमोल्ड नावाने फ्रेमचा धंदा सुरू केला, शोरूममधे तरुण चित्रकारांची चित्रं लावायला लागले आणि १९६३ मधे गॅलरी काढली.)

कोणा नातेवाइकाकडचा चाळीसेक वर्षांपूर्वीचा जलरंग नवीन फ्रेमसाठी उघडताना एकदा नीट बघा. फ्रेमवाला मागची तपकिरी कागदी पट्टी ओलसर फडक्याने सोडवतो, गंजलेले बारीक खिळे पक्कडीने एकेक ओढतो, हार्डबोर्ड उचलतो तर त्याचा बारीक भुगा खाली पडतो. माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची खिडकी) काढला की चित्राच्या चारी बाजूंनी एक तपकिरी रेघ, खिडकीच्या कडेबरोबर आखल्यासारखी. ती धूळ नाही, पुसून जात नाही, स्वस्त पुठ्ठ्यातल्या ॲसिडने कागद जळलाय. वरच्या कोपऱ्यात सेलोटेप वाळून पिवळी, टेप निघते पण डाग राहतो. आणि काच थेट चित्राला टेकलेली असेल तर पावसाळ्यातल्या ओलीने रंग काचेलाच चिकटलेला असतो.

म्हणून कागदावरच्या कामाला फ्रेमवाल्याला सांगायचं ते असं. माउंट आणि त्याच्या मागचा बोर्ड दोन्ही ॲसिड-फ्री, पुढचाच नाही, मागचासुद्धा, कारण बरेच जण पुढे चांगला लावतात आणि मागे तोच जुना पुठ्ठा. चित्र बोर्डवर पूर्ण चिकटवायचं नाही, नुसतं वरच्या बाजूला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या गव्हाच्या खळीने, म्हणजे पुढेमागे सुटतं करता येतं. फेव्हिकॉल नाही, टेप नाही. काच आणि चित्र यात माउंटची किंवा स्पेसरची (मधे ठेवायच्या बारीक पट्टीची) जागा. यूव्ही अडवणारी काच किंवा ॲक्रेलिक महाग पडतं पण जलरंगाला घ्याच. चित्राच्या कडा कापू द्यायच्या नाहीत, "साहेब थोडं ट्रिम केलं तर बसेल" म्हणाला की चित्र उचलून घरी या.

कॅनव्हासला सहसा काच लागत नाही. गुंडाळून आणायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर आणि जाड व्यासाच्या नळीवर, लोक उलटं करतात आणि रंगाला भेगा पडतात. स्ट्रेचरची लाकडी चौकट वाळलेल्या लाकडाची, वाळवीचं औषध मारलेली, कोपऱ्यात पाचरी असलेली हवी, म्हणजे कॅनव्हास सैल पडला की पाचरी ठोकून ताणता येतो. मागच्या बाजूला चित्रकाराने काही लिहिलं असेल तर झाकण्याआधी फोटो काढा.

फ्रेमची पट्टी कुठली घ्यायची यावर तास घालवू नका. साधी, बारीक, लाकडी. सोनेरी नक्षीची पट्टी घेतली की आधी पट्टी दिसते आणि मग चित्र.

लावणं आणि नंतर

नवीन बिल्डिंगमधे सिपोरेक्सच्या भिंती असतात, तिथे साधी गिट्टी (स्क्रूसाठी भिंतीत ठोकायचा खुंटा) गरागरा फिरते आणि चित्र एक दिवस खाली येतं, हलक्या ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मिळतात ते मागा, आणि मोठ्या चित्राला दोन हुक. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७ ते ६० इंच, आपल्याकडे सगळे फार वर लावतात. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे किंवा रबराचे तुकडे, म्हणजे भिंत आणि चित्र यात हवा खेळते. बाहेरची भिंत, जिला पावसात ओल येते, ती टाळा. समोरून ऊन येणारी जागा टाळा, एसीचा झोत टाळा, आणि देवघराच्या वरची जागासुद्धा, समईची काजळी आणि उदबत्तीचा धूर वर्षभरात कॅनव्हासवर बसतो.

घराच्या साध्या पॉलिसीत चित्रं बहुतेक वेळा नीट धरलेली नसतात, किंमत आधी ठरवून वेगळा विमा घ्यावा लागतो, त्यासाठी ॲडव्हायजरकडून व्हॅल्युएशन घ्या आणि दर तीन-चार वर्षांनी नवीन करा. विकायची वेळ आली तर चित्र हे दागिन्यांसारखंच भांडवली मालमत्तेत येतं, २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के. शिवाय चित्र तुमचं झालं तरी कॉपीराईट चित्रकाराचाच, ते कपांवर किंवा कॅलेंडरवर छापून वाटायचं नाही.

दसऱ्याच्या साफसफाईत प्रत्येक चित्र एकदा उतरवून मागून बघा. काचेच्या आत पांढुरके किंवा करडे ठिपके दिसले तर ती बुरशी. ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात तर मुळीच ठेवू नका. कोरड्या, हवेशीर खोलीत बाकीच्या चित्रांपासून लांब ठेवा आणि कॉन्झर्व्हेटरला (चित्रं जपणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला) फोटो पाठवा. मुंबईत शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे खाजगी लोकांची कामंही घेतात. फ्रेमवाल्याने "मी करतो साफ" म्हटलं तरी बुरशी लागलेलं चित्र त्याच्याकडे देऊ नका.